नुसती खूण नाही म्हणून

एसटीतून कंडक्टर काढून टाकले त्याच वर्षी मी निवृत्त झाले. मला कुणी काढलं नाही, वय झालं म्हणून उतरले, हे मी ओळख करून देतानाच सांगून टाकते. नाव उज्ज्वला खराडे. बिल्ला नंबर आता सांगून उपयोग नाही. विटा आगाराच्या गाड्यांना हल्ली दारातच डोळा बसवलाय. पास असला की दार उघडतं, नसला की नाही. पास घरी राहिला का, घरात आज काही घडलंय का, हे तो डोळा विचारत नाही. मी तेहेतीस वर्षं विचारलं. बिनतिकिटाचा माणूस मी हाताकडे बघून नाही, तोंडाकडे बघून ओळखायची. चुकवणारा खिडकीबाहेर बघतो. खरोखर विसरलेला माणूस आपल्याकडे बघतो. एवढ्या एका गोष्टीवर मी नोकरी काढली आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

दीड वर्षापूर्वीच्या पावसाळ्यात माझ्याच अंगात बिनपासाचे शिरले. आधी जिना चढताना धाप, मग हिरड्यांतून रक्त, मग कुठंही न आपटता दंडावर उठलेले निळे डाग. रक्ताचा कॅन्सर निघाला. औषधांच्या दोन फेऱ्या झाल्या. पेशीपेढीतल्या तयार पेशी दोनदा चढवल्या. पहिल्या खेपेला गुण आला. दुसऱ्या खेपेला माझ्या शरीरानं त्या पाहुण्या पेशींना दोन दिवसांत हाकलून दिलं. दिवाळी झाली आणि आजार परत आला.

मिरजेच्या रुग्णालयात माझ्या डॉक्टर होत्या रेहाना मुजावर. भाळवणीच्या, पस्तिशी ओलांडलेल्या, भरभर बोलणाऱ्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला "मावशी" म्हटलं होतं. मला वाटलं, सगळ्यांनाच म्हणत असतील.

"मावशी, तुम्ही मला ओळखलं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "बारावीच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मी पास घरी विसरले होते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि म्हणालात, बस खाली, नळी फोडू नकोस आज."

मला काही आठवलं नाही. अशा पोरी रोजच्या दहा असायच्या. पण ऐकून बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू.

डिसेंबर संपत आला होता तेव्हा एका सकाळी आम्ही दोघं त्यांच्यापुढं बसलो होतो. आमचे हे, म्हणजे बाजीराव खराडे, आयुष्यभर ड्रायव्हर. लग्नाआधीपासून माझ्या घंटीवर गाडी हाकत आलेले. त्यामुळं घरात वाद फारसे होत नाहीत.

"तीन आठवडे आहेत आपल्याकडं," डॉक्टर म्हणाल्या. "फार तर चार. पेढीतल्या पेशी आता तुमच्या अंगात टिकणार नाहीत. जिवंत दात्याच्या ताज्या पेशी हव्यात. का ते सांगते, म्हणजे तुम्हाला शोधायला सोपं जाईल."

आणि त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं.

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या अंगावर एक खूण असते. ही आपल्यातली, असं सांगणारी. बिल्लाच म्हणा. पांढऱ्या पेशींत पहारेकऱ्यांच्या दोन जाती. एक जात बिल्ला वाचते, त्यावर काही वावगं दिसलं की पकडते, पण तिला गुन्हेगार आधी दाखवून शिकवावा लागतो. दुसरी जात म्हणजे नैसर्गिक मारक पेशी. त्यांना कुणी काही शिकवावं लागत नाही. त्या रक्तातून फिरत असतात आणि भेटेल त्या पेशीला चाचपतात. बिल्ला हाताला लागला की आतून एक घंटी वाजते. थांब, पुढं जा. कॅन्सरची पेशी चलाख असते. पहिल्या पहारेकऱ्यानं आपल्याला वाचू नये म्हणून ती बिल्लाच काढून फेकते. त्याच्या हातून सुटते आणि दुसऱ्याच्या हातात सापडते.

"मग माझ्या अंगातल्या ह्या दुसऱ्या जातीच्या कुठं झोपल्या?" मी विचारलं.

"झोपल्या नाहीत, थकल्यात. शिवाय तुमच्या आजारी पेशींनी बिल्ला पूर्ण काढलेला नाही. थोडा ठेवलाय. तेवढ्यानं तुमच्या पेशींची थांबायची घंटी वाजते आणि त्या सोडून देतात. आता गंमत अशी, की प्रत्येक माणसाचा बिल्ला वेगळ्या घडणीचा. दात्याच्या मारक पेशी दात्याच्या घडणीवर थांबायला शिकलेल्या. ती घडण तुमच्यात नसेलच, तर तुमच्या आजारी पेशींनी कितीही बिल्ला दाखवू दे, त्यांची घंटी वाजत नाही."

"म्हणजे न जुळणारा माणूस पाहिजे."

"अगदी. मूत्रपिंडाला जुळणारा शोधतात. आपल्याला न जुळणारा हवाय."

आता इथं आमची चूक सांगते, कारण ती आमच्यासारखीच माणसं करतील. रुग्णालयानं आधीच्या आठवड्यात अर्ज दिला होता. तपासणीसाठी नातेवाइकांची नावं लिहा. माझ्या मुलानं, प्रणवनं, रात्रंदिवस फोन करून चौदा जणांना गोळा केलं. तो स्वतः, माझे दोन भाऊ, त्यांची मुलं, मावसभाऊ, चुलत बहिणी, भाच्या. सगळे रक्ताचे. रक्ताचा आजार, मग रक्ताची माणसं, एवढा साधा विचार. कुणी अर्ज नीट वाचलाच नाही. चौदाच्या चौदा जणांचा निकाल समोर होता. दोघं मधुमेहामुळं बाद, बारा जण माझ्याच घडणीचे.

"जन्मभर भाऊबंदकी केली," हे म्हणाले, "आणि ऐन वेळेला सगळे सारखे निघाले."

डॉक्टर हसल्या. मीही हसले. मग माझ्या मनात एक शंका आली आणि ती मी विचारली. त्या शंकेनं पुढचं सगळं घडवलं.

"डॉक्टर, त्या परक्या पेशींच्या ओळखीचा बिल्ला माझ्या चांगल्या पेशींवरही नसणार. मग त्या चांगल्यांनाही मारतील की."

त्या खुर्चीत पुढं सरकल्या. "हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनाही लवकर सुचत नाही. नाही मारत, मावशी. बिल्ला नाही एवढ्यावर त्या कुणालाच मारत नाहीत. थांबायची घंटी वाजली नाही, म्हणजे चल असा अर्थ होत नाही. चलायची घंटी वेगळी वाजावी लागते. पेशी बिघडली, आजारी पडली की तिच्या अंगावर त्रासाच्या निराळ्या खुणा उमटतात. त्या दिसल्या तरच हात उगारायचा. तुमच्या रक्तातल्या लाल पेशीच घ्या. त्यांच्या अंगावर हा बिल्ला जवळजवळ नसतोच. कोट्यवधी पेशी, बिनबिल्ल्याच्या, दिवसभर ह्या पहारेकऱ्यांना घासून जातात. कुणी त्यांना बोटही लावत नाही, कारण त्यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नसतं. नुसती खूण नाही म्हणून कुणाला मारायचं नसतं, एवढं त्या पेशींना कळतं. तुम्ही नाही का माझा पास नसताना तोंडाकडे बघितलंत?"

हे कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले. मी मात्र खिडकीबाहेर बघत होते.

"परक्या दात्याची परवानगी मिळेपर्यंत महिना जातो, घरातल्याची लगेच मिळते. रक्ताचे सोडून घरात कोण कोण आहे?" डॉक्टर विचारत होत्या. "काकांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत, ते नकोत. सूनबाईंना सहावा महिना, त्याही नकोत. मावशींना जाऊ वगैरे?"

"आहे," हे म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. दोघं एकदमच बोललो.

जाऊ आहे. सारिका. माझे धाकटे दीर दिलीप यांची बायको. त्याच्या चौदा वर्षं आधी दिलीप भाऊजी मळ्यातली मोटर सुरू करायला गेले आणि विजेचा धक्का बसून जागेवर गेले. सारिका तेव्हा त्रेचाळीसची. पोरबाळ नाही. एकाच घरात आम्ही दोन चुली न मांडता राहायचो. मी ड्युटीवर असले की प्रणवला तीच बघायची.

त्यानंतरच्या संक्रांतीला मी हळदी-कुंकू केलं. दरवर्षी करायची, आगारातल्या, गल्लीतल्या मिळून तीस-पस्तीस बायका. तिळगूळ सारिकानं वळला होता. वाणाच्या वाट्या तिनं निवडल्या होत्या. बायका भिंतीला लागून रांगेनं बसल्या आणि तीही रांगेत बसली, दर वर्षी बसायची तशी. मी करंडा घेऊन एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत निघाले. तिच्यापुढं आले. तिनं कपाळ पुढं केलं होतं. माझं बोट कुंकवात बुडवलेलं होतं. ते बोट मी तसंच तिच्यापुढून नेलं आणि पलीकडच्या बाईला लावलं.

मला तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई जाऊन तोवर दहा वर्षं झाली होती. एकाही बाईनं भुवई उंचावली नसती, आणि उंचावली असती तर तिला गप्प बसवायला मी समर्थ होते. मी केलं ते माझं मी केलं. सारिका रांग संपेपर्यंत बसून राहिली. मग उठून सगळ्यांना दूध दिलं. आठ दिवसांनी माहेरी पलूसला गेली, तिथं पिठाची गिरणी घातली आणि पुन्हा विट्याला आली नाही. मीही गेले नाही. पलूस एसटीनं तासाभराच्या आतलं गाव आहे, आणि त्या मार्गावर ड्युटी लागू नये म्हणून मी आगारात शब्द टाकून ठेवला होता.

विट्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा हे म्हणाले, "उद्या सकाळी पलूसची गाडी सव्वानऊला आहे."

"ती पण नाही जुळली तर? म्हणजे जुळली तर?"

"तर परत येऊ," हे म्हणाले. "गाडी येतीच की परत."

मी एकटीच गेले. ह्यांनी बरोबर येतो म्हटलं, मी नको म्हटलं. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, हातात काठी. गिरणी बाजारपेठेच्या टोकाला आहे. आत पट्टा फिरत होता, घरघर चाललेली, आणि तीन-चार बायका डबे घेऊन उभ्या. सारिकाच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर पीठ. तिनं वर न बघता म्हटलं, "डबा ठेवा, नंबरानं घेते."

"दळण नाही आणलं," मी म्हणाले.

तिनं वर बघितलं. मास्क होता, केस नव्हते, तरी आवाज ऐकून तिनं ओळखलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. "बसा मग," म्हणाली. "आधी ह्यांची दळणं काढते."

मी गव्हाच्या पोत्यावर बसले. पाऊण तास बसले. तिनं मुद्दाम बसवलं असं मला वाटलं, आणि ते तिच्या हक्काचं होतं. सगळ्या बायका गेल्यावर तिनं खटका ओढला. गिरणी बंद झाली आणि कान मोकळे झाले.

"कशाला आलासा, अक्का?"

मी सगळं सांगितलं. बिल्ला, घंटी, तीन आठवडे, चौदा माणसं. ती गाळ्याच्या भिंतीला टेकून ऐकत होती.

"चौदा नावं लिहिलीसा," ती म्हणाली. "माझं नव्हतं त्यात."

"नव्हतं. तू रक्ताची नाहीस म्हणून सुचलंच नाही कुणाला."

"आणि आता रक्ताची न्हाई म्हणूनच पाहिजे." ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. मग केरसुणी घेऊन खाली सांडलेलं पीठ लोटायला लागली. लोटता लोटता बोलली. "एक इचारू? मी लई वर्षं मनाची समजूत घालत हुते. गर्दी हुती, घाई हुती, अक्कांकडनं चुकून मी राहिले असंन. आणि मग आठवायचं, भरल्या गाडीत शंभर माणसं कोंबलेली असायची, तरी अक्कांकडनं कधी एक माणूस चुकून राहिलं न्हाई."

"चुकून नव्हतं," मी म्हणाले.

केरसुणी थांबली.

"कपाळ बघितलं तुझं. तोंड बघितलं नाही. तोंड बघितलं असतं तर पुढं जाता आलं नसतं, हे मला तेव्हाच माहीत होतं. म्हणून बघितलं नाही. गाडीत पास नसलेल्या परक्या पोरींना मी तोंड बघून सोडत होते, आणि घरातल्या माणसाला..." मास्कच्या आत ओलं झालं. "सारिका, मी वाईट वागले. मरायला टेकले म्हणून सांगते असं तुला वाटेल, आणि ते खोटंही नाही. पण वागले ते वाईटच."

सुपलीत भरलेलं पीठ तिनं गोळा करून कोपऱ्यातल्या डब्यात टाकलं, कोंबड्यांसाठी असावं.

"कधी यायचं?"

"आधी तपासणी असते. कदाचित तूही माझ्यासारखीच निघशील."

"म्या न्हाई निघणार," ती म्हणाली. "आणि एक ध्यानात ठेवा. माफ केलं म्हणून येत न्हाई मी."

"मग?"

"तुम्ही गेलासा तर मी हे सगळं कुणाला सुनवायचं? चौदा वर्षांचं साठलंय."

तिसऱ्या दिवशी निकाल आला. डॉक्टर मुजावर स्वतः खाली आल्या, लिफ्टची वाट न बघता. सारिकाच्या बिल्ल्याची घडण माझ्यात मुळीच नव्हती. शिवाय तिच्या मारक पेशी साध्या नव्हत्या. लहानपणी बहुतेक सगळ्यांना एक विषाणू होऊन जातो, तापसुद्धा कळत नाही. काही माणसांच्या मारक पेशी त्याच्याशी झगडून मुरतात. पुढं कुठंही त्रासाची खूण दिसली की त्या दुप्पट जोरानं धावतात, आणि इतरांपेक्षा जास्त दिवस टिकतात. सारिकाच्या अंगात अशा मुरलेल्या पेशी भरपूर होत्या.

"मुरल्या असणारच," सारिका म्हणाली. डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं.

पेशी काढायला तीन तास लागले. तिच्या एका हातातून रक्त निघायचं, यंत्रात फिरायचं, पांढऱ्या पेशी बाजूला व्हायच्या आणि दुसऱ्या हातातून उरलेलं रक्त परत जायचं. मी शेजारच्या खुर्चीत बसून होते. परत जाणारी नळी लालभडक होती. "ह्या बिनबिल्ल्याच्या," मी तिला दाखवून म्हणाले आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ती नळीकडं बघत राहिली. "रक्ताला आपल्यापेक्षा अक्कल हाय मग," म्हणाली.

त्या पेशी नऊ दिवस एका पेटीत वाढवल्या. फ्रीजएवढी पेटी, आत ऊब, आणि काचेतून बघितलं तर नुसतं गढूळ पाणी दिसायचं. तेवढ्यात मला औषधं देऊन माझी उरलीसुरली ताकद काढून घेतली, नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून. मग मला काचेच्या खोलीत नेलं. गळ्याजवळून नळी घालायची म्हणून मंगळसूत्र काढलं. बांगड्या काढल्या. कुंकवात जंतू असतात म्हणून कुंकू बंद. केस तर आधीच गेले होते. नर्सनं सगळं पिशवीत घालून ह्यांच्या हातात दिलं, तेव्हा ह्यांचं तोंड बघवेना.

पहिली पिशवी चढली, काही झालं नाही. दुसऱ्या पिशवीनंतर ताप भरला. दोन दिवस उतरेना. अंग थडथडायचं, दात वाजायचे. डॉक्टर म्हणायच्या, ही लढाईची खूण आहे, पण त्यांच्या कपाळावर घाम असायचा. मला वाटलं, आता हा शेवटचा थांबा. प्रणव काचेपलीकडं उभा राहायचा. नातवंडाचं तोंड बघायचं राहिलं, एवढंच सारखं मनात यायचं. मरायची भीती वाटत नाही असं म्हणणारी माणसं मला भेटलीत. मला वाटली. खूप वाटली.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसरी पिशवी बरोबर संक्रांतीच्या दिवशी चढायची होती. दात्याला एकदा आत यायची परवानगी असते. सारिका टोपी, मास्क, निळा झगा घालून आत आली. पिशवी टांगलेली होती. तिनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. माझ्या डोक्याकडं, गळ्याकडं, कपाळाकडं. आम्हा दोघींची कपाळं सारखी मोकळी होती.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"गार लागतं."

"हुईल सवय," ती म्हणाली आणि माझ्या पायांवरची चादर नीट केली.

अठ्ठाविसाव्या दिवशी हाडातला मगज काढून तपासला. डॉक्टर मुजावर निकाल घेऊन आल्या तेव्हा मी त्यांच्या हातातल्या कागदाकडं बघितलं नाही, तोंडाकडं बघितलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

"आत्ता एकही सापडत नाही," त्या म्हणाल्या. "आत्ता म्हणतेय मी, मावशी. दर महिन्याला बघायचं."

"आत्ताचंच तिकीट फाडा," मी म्हणाले. "पुढचं पुढं."

सारिकाच्या पेशींचं काय झालं, मी विचारलं. आता त्यांतल्या फारशा उरल्या नसतील, त्या म्हणाल्या. काही आठवडे जगतात आणि जातात. मला उगाच वाईट वाटलं. त्यांना साधा निरोपही देता आला नाही.

यंदाच्या संक्रांतीला मला नात होऊन दहा महिने झाले होते. दर महिन्याच्या तपासण्या चोख आल्या होत्या. डोक्यावर दोन बोटं केस आले होते, पांढरेशुभ्र आणि चक्क कुरळे. मी हळदी-कुंकू करायचं ठरवलं. आदल्या दिवशी पलूसला जाऊन सारिकाला घेऊन आले. ह्या वर्षात तिनं मला पुष्कळ सुनवलं होतं. दर रविवारी फोन करून सुनवायची, आणि मग काय खाल्लं विचारायची.

"उद्या रांगेत बस," मी म्हणाले. "पहिलं कुंकू तुला लावणार."

तिनं तिळगूळ वळता वळता मान हलवली. "मला कुंकू नकोय, अक्का. तेव्हाही नको हुतं. दिलीप गेल्यावर मी माझ्या हातानं पुसलं, ते माझं दुःख हुतं. तुम्ही नुसतं विचारलं असतं तर मी स्वतःच नको म्हटलं असतं. मला फक्त रांगेतनं गाळायला नको हुतं."

मी रात्री त्यावर विचार करत नाही बसले. तिथंच उठले, करंडा आणला आणि तिच्यापुढं ठेवला. "मग उद्या तू लाव सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी तिसेक बायका आल्या. मी सगळ्यांना सांगितलं, आज कुंकू सारिका लावणार, आणि कुणाला नको असेल त्यांनी आत्ताच सांगावं, राग नाही. पुष्पा निकमबाईंना एकदम घरी शेगडीवर ठेवलेली भाजी आठवली. त्या गेल्या. बाकीच्या बसल्या. सारिका करंडा घेऊन निघाली. एकदोघी तिचा हात कपाळाजवळ आला तशा खिडकीबाहेर बघायला लागल्या. पण बहुतेक जणी तिच्याकडं बघत होत्या, आणि एका म्हातारीनं तर कुंकू लावून घेतल्यावर तिचा पिठानं राठ झालेला हात धरून ठेवला.

मी रांगेच्या शेवटी बसले होते. ती माझ्यापुढं आली. तिचं बोट कुंकवानं लाल होतं. मी कपाळ पुढं केलं.

ती थांबली.

बोट हवेत, माझ्या कपाळापासून वीतभर. खोलीतली कुजबुज बंद झाली. मला मागच्या भिंतीचा गार स्पर्श पाठीला कळायला लागला. ती पुढं जाऊ शकली असती. दाराकडं वळून करंडा ठेवून दिला असता तरी मी एक शब्द बोलू शकले नसते. पंधरा वर्षांपूर्वी ह्याच घरात तिनं काय सोसलं, ते मला त्या दोन श्वासांत जेवढं कळलं तेवढं रुग्णालयातल्या तापातही कळलं नव्हतं.

ती माझ्या कपाळाकडं बघत नव्हती. तोंडाकडं बघत होती. अगदी सावकाश, नीट.

मग तिनं कुंकू टेकवलं. "सरका की थोडं," म्हणाली, आणि माझ्या शेजारी, रांगेत, भिंतीला टेकून बसली.

सून वाण घेऊन आली. पहिल्या बाईपासून सुरुवात करून वाट्या देत देत आमच्यापर्यंत पोचली. माझ्या हातात एक आणि सारिकाच्या हातात एक. मी मान उंचावून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग मोजली, सुटायच्या आधी गाडी मोजायची तशी. कुणी राहिलं नव्हतं.